पट्टा पांढरा आहे, बाई

मायाबंदर, अंदमान
३ जुलै २०२३

ती. हेमलताबाईंस,
मन्तशाचा सादर नमस्कार.

तुम्हाला मोबाइलवर दोनदा फोटो पाठवले. दोन्ही वेळा तुमच्या शेजारच्या सगुणाबाईंच्या सुनेकडून तुमचा एकच निरोप आला, ‘काचेवरचं फुलपाखरू मला कळत नाही. चित्र काढून पोस्टाने पाठव.’ मी शाळेत असताना वही विसरले की तुम्ही घरी परत पाठवायचात, त्याची आठवण झाली. वाजिद म्हणाला, “तुझ्या बाई रिटायर झाल्या, पण शाळा काही सुटली नाही.” तरी चित्र काढलं. चार दिवस लागले. सोबत पाठवते आहे.

लग्न होऊन इथे आले त्याला आठ महिने झाले. वाजिद सरकारी बोटींच्या इंजिनांवर मेकॅनिक आहे, तो सकाळी जेट्टीवर जातो आणि मी घरी. शेजारी एका बाजूला बंगाली, दुसऱ्या बाजूला तमिळ. सगळे प्रेमळ आहेत, पण दिवसभर हिंदीत बोलून माझं तोंड दुखतं. पहिले काही महिने मी नुसती समुद्राकडे बघत बसायचे. मग एकदा कपडे वाळत घालताना पानाच्या खालच्या बाजूला पंख मिटून बसलेलं हे तपकिरी पाखरू दिसलं, आणि कितीतरी दिवसांनी पेन्सिल हातात घेतली.

हे फुलपाखरांच्या ‘चपळ’ कुळातलं आहे एवढं मला कळलं. दणकट अंग, मिशांच्या टोकाला आकडा, आणि उडालं की कुठे गेलं ते दिसतच नाही. शनिवारी तुम्ही आम्हाला पौडच्या ओढ्यावर न्यायचात तेव्हा हीच तीन लक्षणं शिकवली होती. पुढच्या पंखावर दोन बारीक ठिपके आहेत, आणि मिटलेल्या मागच्या पंखावर एक आडवा पट्टा. बाकी चित्रात आहेच.

आता कामाचं. इथल्या निसर्ग माहिती केंद्रात बेटांवरच्या फुलपाखरांचं दालन करायचं आहे. तिथले निषाद सर केरळचे आहेत. त्यांनी माझी वही पाहिली आणि म्हणाले, सप्टेंबरअखेर बारा चित्रं नावांसकट आणून द्या, बरोबर असतील तर पुढचं सगळं काम तुमचं. अकरा नावं मला सापडली. हे बारावं अडलं आहे.

बाई, मला हे काम हवं आहे. इतकं हवं आहे की अब्बांनाही अजून सांगितलं नाही.

तुमची,
मन्तशा

◆

मुठा, ता. मुळशी
१९ जुलै २०२३

चि. मन्तशा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट परवा आलं. पोस्टमन ते पावसातून पोटाशी धरून घेऊन आला. चित्र पाहिलं आणि मी तशीच उठून परत एकदा पडवीत उजेडाला जाऊन पाहिलं. पोरी, तू काय पाठवलं आहेस याची तुला कल्पना आहे का?

हे ‘ऑल’ जातीचं चपळ आहे. ऑल म्हणजे चांभाराची आरी. पुढचा पंख तसाच निमुळता आणि टोकदार असतो, म्हणून ते नाव. आपल्याकडे यातलं ‘कॉमन बँडेड ऑल’ पुष्कळ दिसतं. त्याच्या मागच्या पंखावर पांढरा पट्टा असतो. पण तुझ्या पाखराचा पट्टा पिवळा आहे! ठिपकेही पिवळे. म्हणजे हे ‘येलो बँडेड ऑल’. ईशान्येकडच्या जंगलातलं. माझ्याजवळच्या एकाही यादीत ते अंदमानात असल्याची नोंद नाही. तू बेटावरची पहिली नोंद केली आहेस.

मला राहवलं नाही. त्याच दिवशी तुझ्या चित्राची रंगीत प्रत काढून आणवली आणि आमच्या निसर्गमंडळाच्या त्रैमासिकाला पाठवून दिली. संपादक जनार्दनराव माझ्या जुन्या ओळखीचे आहेत, माझ्या शब्दावर छापतात. टिपण मी लिहिलं, खाली नाव तुझं घातलं. दिवाळी अंकात येईल.

सगुणाबाई विचारत होत्या, “एवढं काय हाय त्या पाकळीएवढ्या पाखरात?” मी म्हटलं, माझी विद्यार्थिनी आहे त्यात. त्यांना ते पटलं. लगेच चहा टाकला.

निषाद सरांना बेधडक सांग. आणि अब्बांनाही सांग. आईवडिलांपासून चांगल्या गोष्टी लपवू नयेत.

तुझी,
हेमलताबाई

◆

मायाबंदर
५ ऑगस्ट २०२३

ती. बाईंस, सा. न.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा आनंदाने उडी मारली. वाजिदने घाबरून विचारलं, काय चावलं? दुसऱ्यांदा वाचलं आणि उडी थांबली.

बाई, पट्टा पांढरा आहे.

मी पत्रात रंग लिहिला नव्हता, कारण चित्र सोबत होतं. पण मी पट्ट्याच्या जागी रंगच लावलेला नाही. पांढऱ्यासाठी पांढरा रंग वापरायचा नाही, कागद कोरा सोडायचा, हे तुम्हीच आठवीत शिकवलं होतं. मी तसंच केलं. भोवतीने तपकिरी फिरवला आणि पट्टा सोडला. ठिपकेही तसेच सोडले.

कदाचित पोस्टात चित्र भिजलं असेल आणि तपकिरी रंग आत पसरला असेल. तसं झालंय का, ते जरा बघाल का? आणि जनार्दनरावांना थोडं थांबायला सांगता येईल का?

दुसरी एक गोष्ट. किनाऱ्यावर करंजाची झाडं आहेत. त्यांची कोवळी पानं दुमडून आत अळ्या बसल्या आहेत, आणि संध्याकाळी तिथेच ही पाखरं घिरट्या घालतात. मी दोन अळ्या बरणीत घालून घरी आणल्या. वाजिदने बरणीच्या तोंडाला आपला रुमाल बांधून दिला. आता बोटीवर सगळ्यांना सांगत फिरतो, माझ्या घरी दोन पाहुणे आलेत, दिवसभर नुसते खातात.

उत्तराची वाट पाहते.

मन्तशा

◆

मुठा
२१ ऑगस्ट २०२३

चि. मन्तशा,
आशीर्वाद.

चित्र भिजलेलं नाही. मी पुन्हा पाहिलं. तू म्हणतेस कागद कोरा सोडला. असेलही. पण मग तुझा सगळा कागदच पिवळा आहे. समासही पिवळा, मागची बाजूही पिवळी. तुमच्या दमट हवेत कागद लवकर म्हातारा होत असावा. तेव्हा कागदावरून काही सिद्ध होत नाही.

राहिला प्रश्न पाखराचा. तू ते झाडाच्या सावलीत पाहिलंस. सावलीत पिवळं पांढरं वाटू शकतं. मी चाळीस वर्षं या डोंगरात फुलपाखरं पाहते आहे. ताम्हिणीच्या घाटात मी दाखवलेली पाखरं पुण्याच्या मोठमोठ्या लोकांनी नंतर आपल्या याद्यांत घातली. पहिल्या नजरेत जे दिसतं ते खरं असतं, आणि मला पहिल्या नजरेत पिवळं दिसलं.

जनार्दनरावांना थांबवणार नाही. आपण एकदा लिहिलं की लिहिलं.

तू आता बेटावर राहतेस, स्वतःच्या डोळ्यांनी पाहतेस, हे चांगलं आहे. पण शंका घेण्याचीही एक वेळ असते. तुला मिळालेलं मोठं काहीतरी तू स्वतःच्या हाताने लहान करते आहेस, एवढंच वाटतं.

अळ्यांना रोज ताजी पानं दे. बरणीत पाणी साचू देऊ नकोस.

हेमलताबाई

ता.क. अक्षर मोठं येतंय, कारण पेन नवीन आहे.

◆

पौड, ता. मुळशी
९ सप्टेंबर २०२३

बेटी मन्तशास अब्बाचा दुवा.

हितं समदी खुशाल हायेत. तू फोनवर इचारलंस, बाईंचे डोळे कसे हायेत. तवा मी ‘बरे हायेत’ म्हनून विषय टाळला, कारन तुझी अम्मी बिस्मिल्ला बाजूलाच बसली हुती आन तिच्या कानावर पडलेली गोष्ट सांजंपातूर बाजारात जाती. म्हनून कागूद घेतला. मला काय तुझ्यासारकं शुद्ध लिवता येत न्हाई, समजून घे.

बाई मागच्या महिन्यात दुकानात आल्या हुत्या. मुठ्याहून पिरंगुटला गाडी बदलून एकट्या आल्या. वह्या शिवायला पांढरा दोरा मागितला. मी पांढरं रीळ दिलं. तर म्हनाल्या, “मोहिद्दीनभाई, हा पिवळट दिलात. पांढरा द्या.” मी दुसरं दिलं. त्ये बी पिवळट. तिसरं दिलं. मंग मी दुकानाच्या भाईर उन्हात नेऊन दाखवलं. बाई लई येळ त्या रिळाकडं बगत हुत्या. मंग हळूच म्हनाल्या, “तुम्हाला हा पांढरा दिसतो?” म्या म्हटलं, व्हय बाई, दुधासारका.

जाताना पायरी चुकल्या. मी हात दिला. तवा त्यांनी माज्याकडून शब्द घेतला की ह्ये कुनाला बोलायचं न्हाई, मन्तशाला तर मुळीच न्हाई. मी कबूल केलं. पर बोलनार न्हाई म्हटलं हुतं, लिवनार न्हाई असं काय म्हटलं न्हवतं.

बेटी, बाईंनी तुला शिकवलं म्हनून तू आज हाईस. तू दहावीला असताना तुझं शिक्षान थांबवायचं म्हनून घरातली मानसं मागं लागली हुती, तवा ही बाई तीनदा आपल्या दुकानात येऊन माज्याशी भांडली हुती. त्यांचं मन दुखंल असं कायबी लिवू नको. आन खोटंबी लिवू नको. दोनी कसं जमवायचं त्ये मला ठावं न्हाई. तू शिकलेली हाईस, तू बग.

तुझा अब्बा,
मोहिद्दीन

◆

मायाबंदर
२४ सप्टेंबर २०२३

ती. बाईंस,
मन्तशाचा सादर नमस्कार.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं.

माझ्या बरणीतल्या एका अळीचा कोष झाला आणि दहाव्या दिवशी सकाळी त्यातून पाखरू बाहेर आलं. पंख ओले होते. मी तासभर समोर बसून होते. बाई, मागच्या पंखावरचा पट्टा इतका पांढरा होता, नुकत्या धुतलेल्या कापडासारखा. त्याची बाहेरची कड तपकिरीत विरघळत जाणारी. पुढच्या पंखावर दोन ठिपके, म्हणजे मादी. आणि अळी करंज खाऊन वाढलेली. कॉमन बँडेड ऑल. तुमच्या मुठ्याच्या रस्त्यालाही असणार, माझ्या अंगणातही आहे. मी बरणी उघडली आणि ते रुमालावर जरा वेळ थांबून गेलं.

परवा निषाद सरांना मी तेच नाव दिलं. तुमचं दिलं नाही. सरांनी चित्र खिडकीपाशी धरलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “करेक्ट.” मला काम मिळालं आहे. घरी येताना मला आनंद व्हायला हवा होता. पण मी तुमच्या पाठीमागे काहीतरी केलं असं वाटत राहिलं.

खरं सांगते, त्याआधी आठ दिवस मी ‘येलो बँडेड’ असं लिहून टाकायच्या विचारात होते. तुमचं नाव, माझं नाव, पहिली नोंद. आणि तुमच्याशी वाद नको. वाजिदला विचारलं तर तो म्हणाला, “तुला बाईंनी कसं बघायला शिकवलं? त्यांच्यासारखं, का नीट?”

आता दुसरं. अब्बांनी तुम्हाला दिलेला शब्द मोडला नाही, मोडलाच असेल तर तो माझ्यासाठी. त्यांच्यावर रागावू नका. बाई, माझा कागद पांढरा होता. नवीन गठ्ठ्यातला होता. दोरा पांढरा होता. पट्टा पांढरा आहे. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि ते तुम्हाला त्या दिवशी दुकानाबाहेर कळलं आहे. मोबाइलची काच तुम्हाला का नको असते, तेही मला आता कळलं. अक्षर पेनामुळे मोठं येत नाही.

बावधनला चांगले डोळ्यांचे डॉक्टर आहेत. अब्बा तुम्हाला घेऊन जातील. ते गाडी सांगून ठेवणार आहेत, तुम्ही फक्त हो म्हणा.

तुम्ही मला पाहायला शिकवलंत. तुम्हाला दिसत नाही हे मी पाहिलं नसतं, तर मी कशाला शिकले?

रागावलात तरी लिहा.

तुमची,
मन्तशा

◆

मायाबंदर
२९ ऑक्टोबर २०२३

ती. बाईंस, सा. न.

महिना होऊन गेला, तुमचं पत्र नाही. फोन लावला तर सगुणाबाई उचलतात आणि म्हणतात, “बाई बऱ्या हायेत, बाई झोपल्यात.” सकाळी अकराला तुम्ही कधी झोपलेल्या मला आठवत नाही. अब्बांना विचारलं तर ते दुकानात गिऱ्हाईक आलंय म्हणतात. आपल्या दुकानात एवढी गिऱ्हाइकं कधी नव्हती.

मी फार कठोर लिहिलं का? मला त्या पत्रातली दोन वाक्यं परत घ्यायची आहेत. कोणती ते मी सांगत नाही, तुम्हाला माहीत असतील.

पट्टा मात्र परत घेता येत नाही.

एक ओळ लिहा. नुसतं ‘मिळालं’ एवढं लिहिलंत तरी चालेल.

मन्तशा

◆

मुठा
१६ नोव्हेंबर २०२३

चि. मन्तशास,
अनेक अनेक आशीर्वाद.

मिळालं. दोन्ही मिळाली.

आधी माझा राग लिहिते, म्हणजे तो संपेल. तुझं पत्र वाचून मी ते उशीखाली ठेवलं आणि आठवडाभर कोणाशी बोलले नाही. मोहिद्दीनभाई दोनदा आले, त्यांना पडवीतूनच परत पाठवलं. तिसऱ्यांदा आले ते बसून राहिले. म्हणाले, “बाई, तुमी माज्या दुकानात येऊन तीनदा भांडलात. मी बी तिसऱ्यांदा आलोय. आज न्हाई उठनार.” सगुणाबाई त्यांना सामील. त्यांनी माझी चादर आणि औषधांची पिशवी आधीच भरून ठेवली होती.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन मी नववीत असताना झालं होतं. ते बिघडलं. पुढची एकोणीस वर्षं तिने माझा आवाज ऐकला, चेहरा पाहिला नाही. मी चित्रकलेची परीक्षा पास झाले तेव्हा माझं चित्र तिने हाताने चाचपून पाहिलं होतं, आणि म्हणाली होती, “छान आहे गं, गुळगुळीत आहे.” म्हणून मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जात नव्हते. पिवळं तर पिवळं, दिसतंय ना, असं स्वतःला सांगत होते. त्या रिळापाशी मला सगळं कळलं होतं. तरी घरी येऊन मी तुला ते दुसरं पत्र लिहिलं. ते लिहिताना मी तुझ्याशी भांडत नव्हते, मला आतून भीती वाटत होती.

बावधनला गेलो. डॉक्टर मेधा म्हणून एक तरुण मुलगी आहे. तिने तपासलं आणि विचारलं, “आजी, इतके दिवस कुठे होतात?” मी म्हटलं, डोंगरात. तिने मला कागदावर काढून समजावलं, की डोळ्यातलं भिंग पिकलं की ते चहाच्या गाळणीसारखं पिवळं पडतं, आणि पांढरं ते सगळं पिवळं दिसतं. आईच्या वेळची गोष्ट तिला सांगितली. तिने हसण्यावारी नेली नाही. खुर्ची जवळ ओढून सगळं ऐकून घेतलं. मग मी हो म्हटलं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा समोर मेधाचा कोट होता. पोरी, पांढरा रंग असा असतो हे मी विसरून गेले होते. मी रडले. तिला वाटलं दुखतंय.

घरी आले तर खोली ओळखू येईना. भिंती निळ्या! चांगल्या आकाशी निळ्या! गेल्या वर्षी मी रंगाऱ्याला पांढऱ्यात नीळ घालायला सांगितली होती. तो घाले, मला ते पिवळटच दिसे, मी म्हणे अजून घाल. मी सगुणाबाईंवर ओरडले, “अहो, मला सांगायचं नाही का?” तर त्या म्हणाल्या, “तुमाला निळाच आवडतुया वाटलं. चित्रकलेच्या बाई तुमी. आमी कोन सांगनार?” त्यांची सून पदर तोंडाला लावून आत पळाली. मीही हसत सुटले. डॉक्टरांनी जपून हसायला सांगितलं होतं.

तुझं चित्र मी मुद्दाम दोन दिवस पाहिलं नाही. धीर होत नव्हता. तिसऱ्या दिवशी दिवाळीची पहिली पणती लावली, हात धुतले आणि पाकीट उघडलं. पट्टा पांढरा आहे, मन्तशा. कागदही पांढरा आहे. ठिपकेही पांढरे. बाहेरची कड विरघळत जाते, तीही तू बरोबर काढली आहेस. शाळेत मी कोणाला पैकीच्या पैकी दिले नाहीत. आता शाळा नाही, म्हणून देते.

दिवाळी अंक मात्र छापून झाला होता. ‘अंदमानातील पहिली नोंद’, खाली तुझं नाव. जनार्दनरावांना फोन केला. ते म्हणाले, पुढच्या अंकात बारीक अक्षरात दुरुस्ती टाकू, कोणाच्या लक्षातही येणार नाही. मी म्हटलं, मोठ्या अक्षरात टाका. मजकूर मीच लिहून पाठवला आहे: ‘चित्र अचूक होते. ओळख चुकली. चूक चित्रकर्तीची नसून टिपण लिहिणाऱ्या हेमलता देशमुख यांची आहे. चित्रकर्तीने ती वेळीच सांगितली होती.’ टपालात टाकल्यावर भूक लागली आणि सगुणाबाईंकडे जाऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या.

उरलेला डोळा डिसेंबरमध्ये. आता एका डोळ्याने पांढरं आणि दुसऱ्याने पिवळं दिसतं. आलटून पालटून मिटते आणि बघते. लहान मुलासारखा खेळ झाला आहे.

तू जी दोन वाक्यं परत मागतेस, ती मी देणार नाही.

तुझी,
हेमलताबाई

◆

मायाबंदर
१२ डिसेंबर २०२३

ती. बाईंस,
मन्तशाचा खूप खूप नमस्कार.

तुमचं पत्र मी जेट्टीवर उभ्याने वाचलं. बोट लागली, माणसं उतरली, परत चढली, बोट गेली, मी तिथेच. वाजिद इंजिनाच्या खोलीतून वर आला आणि काळ्या हातांनीच पत्र घेऊन वाचायला लागला. त्याची बोटं कागदावर उमटली आहेत. निळ्या भिंतींच्या ओळीपाशी तो इतका हसला की खलाशी जमा झाले, आणि त्यांना सगळी गोष्ट हिंदीत सांगावी लागली.

दालन मागच्या रविवारी उघडलं. भाषण झालं, ते मला फारसं कळलं नाही. शाळेतली मुलं आली, शेजारच्या बंगाली काकू त्यांची सगळी माणसं घेऊन आल्या. बारा चित्रं भिंतीवर आहेत. निषाद सरांनी प्रत्येकाखाली हिंदी आणि इंग्रजी नाव लावलं आहे. मी विचारलं, मराठीत लिहू का? ते म्हणाले, इथे कोण वाचणार? मी म्हटलं, मी वाचीन. तर हसले आणि म्हणाले, लिहा. म्हणून ‘करंजावरची पांढऱ्या पट्ट्याची आरी’ असं लिहिलं. ते नाव कुठल्या पुस्तकात नाही, मीच ठेवलं आहे. चालेल ना?

अब्बांना आता सगळं सांगितलं. अम्मीने पौडभर सांगितलं.

आता दर महिन्याला सहा चित्रं द्यायची आहेत. मी सकाळी वाजिदबरोबरच निघते. डबे दोन घेते. माझं तोंड आता हिंदीने दुखत नाही, किंवा सवय झाली असेल.

सोबत नवीन चित्र पाठवते. हेही चपळच, पण लहान, अंगठ्याच्या नखाएवढं. झऱ्याकाठी ओल्या दगडावर बसलं होतं. दोन दिवस पुस्तकं चाळली, कुठेच बसत नाही. रंग या वेळी शब्दांतही लिहिले आहेत, मागच्या बाजूला. रागावू नका!

दुसऱ्या डोळ्याचं झालं की कळवा.

तुमची,
मन्तशा

◆

मुठा
८ जानेवारी २०२४

चि. मन्तशा हिस,
आशीर्वाद.

दुसरा डोळाही झाला. मोहिद्दीनभाई या वेळी न सांगताच हजर होते. परत येताना आम्ही चांदणी चौकाच्या अलीकडे थांबून उसाचा रस प्यायलो. ते म्हणाले, “बाई, आता रीळ बदलून मागायला येनार न्हाई तुमी, माजं गिऱ्हाईक गेलं.”

नाव चालेल. चांगलं आहे. नावं कुणीतरी ठेवलेलीच असतात.

सकाळी उठून मुठ्याच्या रस्त्याने चालत जाते. गवत वाळलं आहे, सोनेरी झालं आहे, आणि ते खरोखरच सोनेरी आहे, हे मी सगुणाबाईंना विचारून खात्री करून घेतलं. खोलीच्या भिंती तशाच निळ्या ठेवल्या आहेत. सवय झाली.

आता तुझं नवीन चित्र. मागचे शब्द मी आधी वाचले नाहीत. आधी चित्र पाहिलं, माझं मी लिहून काढलं, मग उलटून पाहिलं. सगळे रंग जुळले. एका ठिपक्याचाही फरक नाही. आनंदाने पुस्तकं काढली. तीन दिवस बसले. पंखांच्या कडा पाहिल्या, ठिपके मोजले, जुन्या वह्या काढल्या, जनार्दनरावांकडूनही दोन ग्रंथ मागवले. काल दुपारी सगळी पुस्तकं मिटून ठेवली.

मन्तशा, मला हे ओळखता येत नाही.

चाळीस वर्षांत मी असं कोणाला लिहिलेलं नाही. खरं तर पुष्कळदा ओळखता आलं नव्हतं, पण लिहिलं नव्हतं. काहीतरी नाव सांगून टाकायचे. काल हे वाक्य आधी पाटीवर लिहून बघितलं. काही झालं नाही. छप्पर कोसळलं नाही. सगुणाबाई चहा घेऊन आल्या, मी त्यांनाही सांगितलं, मला हे पाखरू ओळखता येत नाही. त्या म्हणाल्या, “मग त्या पोरीलाच इचारा की.”

म्हणून विचारते. त्या झऱ्यावर परत जा. ते कोणत्या झाडावर अंडी घालतं ते बघ, अळी मिळाली तर वाढव. नाव सापडलं तर मला शिकव, आणि नाही सापडलं तरी काय काय पाहिलंस ते लिही. सविस्तर लिही, मला आता बारीक अक्षरही वाचता येतं.

घाई नाही. मी इथेच आहे, उजेडात बसलेली.

तुझी,
हेमलता